टीव्ही केवढा? आधी बघणाऱ्याला विचारा!

मैत्रिणींनो, २०२५ च्या दिवाळीच्या चार दिवस आधीची गोष्ट. फराळाची गडबड चालू होती. चकल्यांचा पहिला घाणा तेलात सोडला आणि दाराची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू. चेहरा पार उतरलेला.

"अगं, जरा खाली येतेस का? दोन मुलं भलंमोठं खोकं घेऊन आलीत आणि सही करा म्हणतायत. मी काही मागवलेलं नाही बाई!"

गॅस बंद करून तशीच धावले. खोकं लिफ्टमध्ये मावत नव्हतं, म्हणून ती दोन मुलं ते जिन्यातून चढवून घामाघूम होऊन उभी होती. खोक्यावर लिहिलेलं, ६५ इंच. काकूंच्या मुलाला फोन लावला. तो अमेरिकेत, तिकडे रात्र झालेली. पण आवाजात आनंद नुसता उतू जात होता. "आईला सरप्राइज आहे. दिवाळीत मोठ्या टीव्हीवर सगळं बघू दे तिला. आता टॅक्स पण कमी झालाय ना!" त्याचंही खरंच होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता.

पण काकूंचा हॉल दहा बाय बाराचा. भिंतीला कै. काकांनी करून घेतलेली सागवानी शोकेस, तिच्यात टीव्हीसाठी ठेवलेली जागा मोजून साडेतीन फूट. ६५ इंची टीव्हीची नुसती रुंदीच पावणेपाच फुटांच्या आसपास. काकूंनी पदराने कपाळ पुसलं आणि हळूच मला म्हणाल्या, "एकदा मला विचारलं असतं तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पण मला ते पुरं ऐकू आलं. कारण सतरा वर्षांपूर्वी हीच चूक आमच्या घरात झाली होती. तेव्हा परदेशात बसून टीव्ही निवडणारे आम्ही होतो, आणि इथे खराडीत तो बघणार होत्या माझ्या सासूबाई.

सेल, डॉलर आणि एक फोन

मी लग्न होऊन खराडीत आले तेव्हा हे गाव पुणे महापालिकेत येऊन फार वर्षं झाली नव्हती. १९९७ साली गाव शहरात गेलं खरं, पण मुळा-मुठेच्या काठाला शेतं होती, गोठे होते आणि नगर रस्त्यावर उभं राहिलं की लांबूनच एसटी येताना दिसायची. मग एकेक करत आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. घराघरातली मुलं त्या इमारतींत शिरली आणि तिथून थेट परदेशी निघाली. त्यातच आमचे हेही होते. २००७ साली ह्यांच्या प्रोजेक्टसाठी आम्ही न्यू जर्सीला गेलो. सासरे आधीच गेलेले. सासूबाई खराडीत एकट्या. मुंढव्याचा पूल ओलांडला की हडपसरला नणंदबाई, म्हणून आम्ही निर्धास्त.

तेव्हा पातळ टीव्हीची काय हवा होती ते तुम्हाला आठवत असेल! आपल्याकडे घरोघरी पोट सुटलेला डबा. त्याची जागा बदलायची तर दोन माणसं लागायची. आणि तिकडे दुकानात भिंतीवर कॅलेंडरसारखे टांगलेले टीव्ही. आमच्यात रोज रात्री एकच चर्चा, प्लाझ्मा की एलसीडी? प्लाझ्मात बारीक बारीक कप्प्यांत भरलेला वायू स्वतःच उजळतो, म्हणून काळा रंग गडद दिसतो आणि क्रिकेटचा चेंडू पळताना पुसट होत नाही. पण तो वजनाला जड आणि विजेलाही जरा खादाड. एलसीडीत मागे दिवा आणि पुढे स्फटिकांचा पडदा. तो हलका, आणि उजेडाच्या खोलीत बरा दिसतो. ह्यांचं मन प्लाझ्मावर, माझं एलसीडीवर. पुढे २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी प्लाझ्मा बनवणंच बंद केलं, तेव्हा मी ह्यांना टोमणा मारायची संधी सोडली नाही, ही गोष्ट वेगळी!

खरं तर आम्हाला तिथे टीव्हीची गरजच नव्हती. आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेला एक जाडजूड टीव्ही होता, थोडा हिरवट दिसायचा पण चालायचा. नवा टीव्ही घ्यायचा होता तो पुढे खराडीला न्यायला. आईंचा २१ इंची टीव्ही जुना झाला होता ना. नणंदबाईंनी पुण्यात किंमत विचारून ठेवली होती, ३२ इंची एलसीडी पस्तीस हजारांच्या घरात. न्यू जर्सीत तोच माल पाचशे डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या भावाने चोवीस-पंचवीस हजारांना. नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सेल गाठायचा, असं ठरलं.

ते साल २००८. थँक्सगिव्हिंग २७ नोव्हेंबरला होतं. आणि आदल्याच दिवशी, २६ तारखेला, आमच्याकडे दुपार व्हायच्या आत बातमी आली की मुंबईवर हल्ला झालाय. माझा मावसभाऊ रोज सीएसटीवरून गाडी पकडायचा. त्याचा फोन लागेना. आम्ही त्या हिरवट टीव्हीसमोर बसलो ते उठलोच नाही. संध्याकाळी उशिरा, म्हणजे खराडीत सकाळी साडेसहाला, ह्यांनी आईंना फोन लावला. त्या जाग्या होत्या. मागे टीव्ही चालू असावा.

"आई, बघतेयस ना?"

"बघतेय रे. केवढी आग लागलीय त्या ताज हॉटेलला! गॅसचं काही झालं असेल का रे? बंबवाले बिचारे किती धडपडतायत."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. अख्खी रात्र मराठी बातम्या लावून बसलेल्या बाईला गोळीबार, अतिरेकी, सीएसटी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हे हसले आणि म्हणाले, "आई पण ना, भोळीच आहे." ह्यांनी जरा मोठ्याने सगळं समजावून सांगितलं. मावसभाऊ दुसऱ्या दिवशी सुखरूप असल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला, आणि आईंचं ते वाक्य आम्ही विसरून गेलो. मैत्रिणींनो, ते वाक्य आम्ही विसरायला नको होतं.

अमेरिकेचा टीव्ही, खराडीची भिंत

सेलमध्ये पहाटे रांग लावून आम्ही ३२ इंची एलसीडी घेतला. आमच्याच इमारतीत डोंबिवलीची एक मैत्रीण राहायची. तिने बजावलं होतं, "अगं, इथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. आणि इथल्या टीव्हीला आपल्याकडचं चित्र कळत नाही म्हणे." पण घरात इंजिनिअर असला की कुणाचं ऐकायचं नसतं! "ट्रान्सफॉर्मर लावू, त्यात काय," असं म्हणून विषय संपला. आणि ज्यांच्यासाठी टीव्ही घेत होतो त्या आईंना आम्ही काय विचारलं? काहीच नाही. फोनवर नुसतं सांगितलं, "आई, तुला मस्त टीव्ही आणतोय." त्या म्हणाल्या, "कशाला रे एवढा खर्च? मला काहीही चालतं."

२०१० च्या उन्हाळ्यात आम्ही परतलो. सामानाबरोबर टीव्हीही गाद्यांत गुंडाळून आला. ह्यांनी भिंतीला भोकं पाडून तो टांगला. खाली ट्रान्सफॉर्मर. तो सारखा घूं घूं करायचा, आणि तापला की आई म्हणायच्या, "याच्यावर पापड वाळतील." केबलची पेटी जोडली, शेजारपाजारचे बघायला जमले, बटण दाबलं, आणि पडद्यावर काळंपांढरं चित्र वरून खाली नुसतं धावत सुटलं!

कारण मागाहून समजलं. आपल्याकडे टीव्हीचं चित्र पाल नावाच्या पद्धतीचं, म्हणजे ६२५ रेघांचं आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत एनटीएससी, ५२५ रेघा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रं. आमच्या टीव्हीला फक्त त्याची मातृभाषा येत होती. दुबई, सिंगापूरहून आणलेले टीव्ही आपल्याकडे बिनबोभाट चालायचे, कारण तिथली वीजही आपल्यासारखी आणि चित्राची पद्धतही पालच. अमेरिका आणि जपान या दोन्ही देशांचं गणित मात्र वेगळं. हे सगळं न्यू जर्सीच्या दुकानात उभं राहून विचारलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं.

शेवटी त्या टीव्हीवर आईंनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल पडला. नातवंडांचे फोटो दाखवण्यापुरता तो उरला. पाहुणे आले की आई अभिमानाने सांगायच्या, "हा अमेरिकेचा," आणि स्वतः बघायच्या तो जुना २१ इंचीच.

आणि खरी गोष्ट कळली

आता मी रोज घरात होते. संध्याकाळी सातची मालिका आई न चुकता बघायच्या. मी स्वयंपाकघरातून विचारायची, "आई, आज काय झालं हो?" त्या रंगवून सांगायच्या. एकदा सहज मीही येऊन बसले, तर पडद्यावर वेगळंच. आई सांगत होत्या की धाकटी सून रुसून माहेरी निघालीय. प्रत्यक्षात ती बिचारी आजारी आईला भेटायला चालली होती. आई चेहरे बघून गोष्ट रचत होत्या.

मग एके दिवशी रिमोटवरचं आवाज बंद करायचं बटण चुकून दाबलं गेलं. मी बाहेरून आले तर टीव्ही मुका आणि आई समोर शांतपणे बघत बसलेल्या. पाऊण तास! माझ्या पोटात खड्डाच पडला.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत निघालं की दोन्ही कान बरेच कमी झालेत, आणि हे काही आजकालचं नाही, पाच-सहा वर्षांचं दुखणं आहे. डॉक्टरांनी समजावलं, की वयानुसार आधी बारीक पट्टीचे आवाज जातात. स, श, त अशी अक्षरं हरवतात. म्हणून माणूस म्हणतो, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. नुसता आवाज वाढवून ते शब्द परत येत नाहीत. शिवाय एका डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून २१ इंची पडद्यावरच्या बातम्यांच्या पट्टीतली अक्षरंही वाचता येत नव्हती. फोनवर आम्ही सगळेच मोठ्याने बोलायचो, तेवढं कानाला लावून त्यांना भागत होतं. म्हणून तीन वर्षांत आम्हाला पत्ताच लागला नाही.

मला एकदम ती नोव्हेंबरातली सकाळ आठवली. आई भोळ्या नव्हत्या. त्यांना ऐकूच येत नव्हतं. सगळं शहर जळत असताना माझी सासू एकटी, मुक्या चित्रांसमोर बसली होती, आणि आम्ही सात समुद्रापलीकडे प्लाझ्मा की एलसीडी करत होतो.

रिक्षात मी विचारलं, "आई, सांगितलं का नाहीत?"

त्या म्हणाल्या, "मला आधी वाटलं टीव्हीचाच आवाज बसलाय. मग वाटलं, सांगितलं तर तुम्ही म्हणाल आणखी एक खर्च. आणि खरं सांगू? बहिरी म्हणतील, याची लाज वाटली गं."

कानाला यंत्र आलं, डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग २०११ च्या मार्चमध्ये नगर रस्त्यावरच्या एका दुकानातून साधा ३२ इंची टीव्ही घेतला. या वेळी आईंना दुकानात खुर्चीवर बसवलं, रिमोट त्यांच्या हातात दिला आणि बातम्या लावायला सांगितल्या. "या टीव्हीवरची खालची ओळ वाचता येते, हा घ्या," एवढंच त्या म्हणाल्या. निवड झाली! २ एप्रिलला वानखेडेवर धोनीने षटकार मारून विश्वचषक जिंकला तेव्हा आई आमच्याआधी ओरडल्या. आज त्या नाहीत. पण ती आरोळी अजून आमच्या कानात आहे.

हौसेचा हिशेब

परदेशातून टीव्ही आणण्याची हौस आपल्याकडे जुनी. आखातात गेलेला कोकणातला मुलगा सुट्टीवर आला की त्याच्या सामानात काय काय निघतंय, हे बघायला आळी गोळा व्हायची. पुढे पातळ टीव्ही आले आणि विमानतळावर त्यांच्या खोक्यांच्या रांगा लागू लागल्या. मग २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉलरपुढे रुपया घसरत चालला होता, तेव्हा सरकारने कात्री लावली. तोवर परदेशाहून येणाऱ्या प्रवाशाला ३५ हजार रुपयांपर्यंतच्या सामानावर कर नव्हता, त्यात टीव्हीही बसायचा. २६ ऑगस्ट २०१३ पासून पातळ टीव्ही या सवलतीतून काढला आणि त्यावर ३५ टक्के ड्युटी आणि सेस मिळून ३६.०५ टक्के भरणं आलं. २०१६ च्या नव्या नियमांतही टीव्हीला ती सवलत परत मिळाली नाही. आता इथेच सगळ्या मापांचे टीव्ही मिळतात, त्यामुळे खोकं उचलून आणण्यात राम राहिलेला नाही. शिवाय बहुतेक टीव्हींची वॉरंटी ज्या देशात घेतला तिथपुरतीच असते.

म्हणून आता नवी रीत आली आहे. मुलं तिकडे बसून मोबाइलवर बोट फिरवतात आणि टीव्ही इकडे दारात येतो. डोकेदुखी ट्रान्सफॉर्मरची नाही, पण चूक तीच. मी खराडीत आमच्या भागातल्या ज्येष्ठ बायकांचा कट्टा चालवते. त्यातल्या कितीतरी जणींची मुलं बाहेरदेशी. कुणाच्या घरी भिंतभर टीव्ही आहे आणि त्याचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत. "चुकून काहीतरी दाबलं जातं आणि मग ते इंग्रजी येतं, परत आपलं चॅनल येतच नाही," ही कट्ट्यावरची नेहमीची तक्रार. एक आजी तर सून फोन करून रिमोटचं कुठलं बटण ते सांगेपर्यंत दोन दिवस टीव्हीविना बसल्या होत्या. मुलांना वाटतं आईची सोय केली. आईला वाटतं आपल्यालाच अक्कल नाही.

विचारायचं ते हे

म्हणून ज्यांची मुलं लांब आहेत त्यांच्यासाठी, आणि त्या मुलांसाठीही, चार अनुभवाच्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, टेप घ्या. बसायची खुर्ची ते भिंत हे अंतर मोजा. टीव्हीचे इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. त्याच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर बसायला मिळावं. म्हणजे ३२ इंचीला चार ते सव्वापाच फूट, ४३ इंचीला साधारण साडेपाच ते सात फूट, ५५ इंचीला सात ते नऊ फूट. शोकेसमध्ये ठेवायचा तर रुंदी बघा. ४३ इंचीला सव्वातीन फूट जागा लागते. आणि भिंतीला टांगायचा तर देवाच्या तसबिरीसारखा उंच नको. खुर्चीत बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य यावा, नाहीतर मानेचं दुखणं मागे लागतं.

दुसरी गोष्ट, कान. पातळ टीव्हीत मोठा स्पीकर बसायला जागाच नसते. तोंड बरेचदा खाली किंवा मागे, त्यामुळे आवाज भिंतीवर आपटून येतो. वयस्कर माणसासाठी इंच दोन कमी करा पण पुढे तोंड असलेला वेगळा साउंडबार घ्या. काही टीव्हींमध्ये संवाद स्पष्ट करण्याची सोय असते, ती चालू करून द्या. आणि आई आवाज फार वाढवत असेल, किंवा आमच्या आईंसारखा अजिबातच वाढवत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. टीव्ही नंतर.

तिसरी गोष्ट, बघणार काय? आई केबल किंवा डिश बघणार की इंटरनेटवरचं? घरात वायफाय नसेल तर महागड्या स्मार्ट टीव्हीचा निम्मा भाग झोपूनच राहतो. केबलच्या पेटीचा एक रिमोट आणि टीव्हीचा दुसरा, हा गोंधळ सगळ्यांना नडतो. कोणत्या रिमोटने काय होतं ते समोर बसवून आईच्या हाताने करून घ्या, नुसतं दाखवू नका.

चौथी गोष्ट छोट्या गावात राहणाऱ्यांसाठी फार महत्त्वाची. जवळच्या तालुक्यात त्या कंपनीचा दुरुस्तीवाला येतो का, हे आधी विचारा. बिल आणि वॉरंटी आईच्या नावावर, मोबाइल नंबरही तिचाच द्या. मुलाचा परदेशी नंबर लिहिला तर तक्रार केल्यावर ओटीपी जातो अमेरिकेला आणि मेकॅनिक उभा राहतो दारात! आणि जुना डबा टीव्ही भंगारवाल्याला देऊन मोकळ्या होऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं, फोडला की ते मातीत, पाण्यात जातं. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या, किंवा नवा घेताना दुकानात बदली द्या.

या सगळ्याहून मोठी गोष्ट मात्र आपल्या बायकांसाठी आहे. "मला काहीही चालेल," हे वाक्य आपण सोडून देऊ या. आयुष्यभर आपण तेच म्हणत आलो. साडी कुठलीही चालेल, उरलंसुरलं काहीही चालेल. मुलांना ते खरं वाटतं. त्यांचा दोष नाही. आपल्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, रिमोट जमत नाही, हे सांगण्यात कसली लाज? आणि मुलांनो, आई "काहीही चालेल" म्हणाली की तिथे थांबू नका. आणखी दोन प्रश्न विचारा.

काकूंची निवड

काकूंचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. खोकं उघडलं नव्हतं, म्हणून दारातूनच परत पाठवलं. मुलगा आधी हिरमुसला. "एवढ्या प्रेमाने पाठवला," म्हणाला. मी त्याला आमच्या सासूबाईंची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काकू, आईला ऐकू नीट येतं ना?" मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी योग्य प्रश्न विचारला होता.

कान तपासले, थोडे कमी आहेत, काळजीचं काही नाही. मग वसुबारसेला मी आणि काकू टेप घेऊन दुकानात गेलो. मुलगा मोबाइलवर व्हिडिओ कॉलवर, तिकडे त्याची रात्र. काकू सहा फुटांवर खुर्ची ओढून बसल्या. विक्रेता ५५ इंचीकडे वळवत होता, रंग दाखवत होता. काकूंनी त्याला थांबवलं. "तुमच्या त्या डोंगरदऱ्या नकोत. मराठी बातम्या लावा, आणि रिमोट इकडे द्या." दुकानातली चार माणसं वळून बघायला लागली. मोबाइलमधून मुलगा हसत होता.

४३ इंची घेतला. उरलेल्या पैशांतून साउंडबार. घरी आल्यावर काकूंनी कपाळावरच्या टिकल्यांचं पाकीट काढलं. रिमोटच्या चालू-बंद बटणावर एक लाल टिकली, आवाजाच्या बटणावर एक हिरवी. "आता काही चुकत नाही," म्हणाल्या. ही युक्ती मी कट्ट्यावर सगळ्यांना सांगितली, तुम्हीही करून बघा.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिवा लावायला खाली गेले तर काकू टीव्हीसमोर आणि फोन कानाला. मुलाला सांगत होत्या, "अरे, आज बातमीत काय म्हणाले माहितीये का?" आणि बातमी अगदी बरोबर सांगत होत्या.